नारूभाऊंचा एको

कार्यक्रम सुरू असताना पहिल्या रांगेतल्या माणसानं मान वळवून मागं पाहिलं, की समजायचं, शिव्या आपल्याला आहेत. पस्तीस वर्षं मी नागपुरातल्या हॉलांत, आसपासच्या गावांतल्या मंडपांत आणि शाळांच्या पटांगणांत सगळ्यात मागं बसलो. समोर कन्सोल, म्हणजे ते शेकडो बटणांचं टेबल. एवढ्या वर्षांत मागं वळून कोणी ‘वा!’ म्हटल्याचं मला आठवत नाही. गाणं रंगलं तर गायक चांगला आणि माइकनं शिटी मारली तर साउंडवाला गाढव. हा हिशेब मी फार लवकर मान्य करून टाकला होता, त्यामुळं झोप चांगली लागायची.

आमच्या धंद्यात गायकाला जे सगळ्यात प्रिय असतं त्याला तो ‘एको’ म्हणतो. खरं तर त्याचे प्रकार आहेत. आवाज मोठ्या दालनात घुमावा तसा घुमणं वेगळं, आणि विहिरीत हाक मारल्यावर परत यावी तसा परत येणं वेगळं. पण ऑर्केस्ट्रातला माणूस सगळ्याला एकोच म्हणतो आणि तो नेहमी त्याला कमी पडतो. म्हणून मीही इथं एकोच म्हणतो.

जुन्या कन्सोलमध्ये एको नसायचा. तो वेगळ्या डब्यात यायचा आणि तो डबा दोन वायरींनी जोडावा लागायचा. गायकाचा आवाज कन्सोलमध्ये आला की तो सरळ स्पीकरकडं जातोच. त्यातला थोडा हिस्सा एका बटणानं बाजूला काढायचा, पहिल्या वायरीनं डब्यात सोडायचा, डबा त्याला घुमवणार, आणि तो घुमलेला आवाज दुसऱ्या वायरीनं कन्सोलच्या दुसऱ्या खणात परत आणायचा. मग साधा आणि घुमलेला, दोन्ही मिळून लोकांच्या कानावर. एवढंच. काळजी एकच घ्यायची. परत आलेला आवाज चुकून पुन्हा त्याच डब्यात जाऊ द्यायचा नाही. गेला, की तो गोल गोल फिरत वाढतच जातो.

सुरुवातीच्या दिवसांत मी ही चूक एका पुढाऱ्याच्या भाषणात केली. एकोचा डबा आदल्या गाण्यासाठी लावलेला होता, तो बंद करायचा राहिला, वर परतीच्या खणातलं बटणही उघडं राहिलं. पुढारी म्हणाले, “आम्ही रस्ता देणार!” आणि मंडपभर “देणार, देणार, देणार” सुरू झालं. मी बटणं शोधत होतो, आवाज वाढत होता, पुढारी हात वर करून उभे. लोकांना वाटलं, घोषणा आहे. त्यांनीही सुरू केलं. सभा फार यशस्वी झाली. त्यांच्या माणसानं नंतर येऊन मला सांगितलं, “पुढच्या सभेलेही ते देणार-देणारवालं लावजो गा.”

असो. सांगायचं आहे ते नारूभाऊंबद्दल.

नारूभाऊ ढोमणे माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. सोमवार ते शनिवार सरकारी कचेरीत कालव्यांच्या कामाचे कागद बघायचे आणि रविवारी आमच्या ऑर्केस्ट्रात दर्दभरी गाणी म्हणायचे. गळा गोड. खालचा सूर तर असा, की हॉलमधली चुळबुळ थांबायची. पण वरच्या सुरावर त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. तो सूर जवळ आला की ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्याकडं करून वर वर झटकायचे. एको वाढव. मी वाढवला, की पुन्हा अंगठा.

एकदा लकडगंजातल्या लाकूड व्यापाऱ्यांचं स्नेहसंमेलन होतं, रविवारी दुपारी. हॉलला पत्र्याचं छप्पर. तिथं नुसतं शिंकलं तरी चारदा ऐकू यायचं. तिथं एकोचं कामच नव्हतं, पण नारूभाऊंचा अंगठा काही खाली येईना. मी वाढवत गेलो. शेवटी शब्द कुठले आणि तबला कुठला, काही कळेना. पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या आई बसल्या होत्या. त्यांनी सुनेला विचारलं, “काय वं, हा कोन्या भाषेत गाऊन राहिला?” सगळ्या हॉलनं ऐकलं. नारूभाऊंनीही.

कार्यक्रम संपल्यावर ते तरातरा माझ्याकडं आले. “विनू, तू एको बराबर देतच नाही. मले वर ऐकूच येत नाही.”

मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. म्हटलं, “नारूभाऊ, मोठ्या कालव्यातून पाटाले पाणी सोडता ना? गेट किती उघडायचं ते वावर पाहून ठरवता का नाही? ह्या हॉलमंधी आधीच चिखल झालेला आहे.”

ते म्हणाले, “मंग गेट माझ्या हातात दे.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. माझ्या साउंडच्या दुकानात एक जळालेला एकोचा डबा पडला होता. मी त्याचं सगळं पोट काढून टाकलं. पुढचा लाल दिवा ठेवला, एक ते दहा आकड्यांचं गोल बटण ठेवलं. डबा फार हलका लागायला लागला म्हणून शेजारच्या आरामशीनवरून सागवानाचा एक तुकडा आणला आणि आत ठोकला. मागं दोन जाड वायरी लावल्या, एक जाणारी, एक येणारी. त्या स्टेजवरच्या गालिच्याखाली जात आणि तिथंच, स्टेजच्या पायाला गाठ मारून, संपत. दिव्याची वायर तेवढी खरी होती.

पुढच्या रविवारी मी तो डबा त्यांच्या स्टँडशेजारी स्टुलावर ठेवला. “हे घ्या गेट.”

नारूभाऊंनी बटण चारवर ठेवलं. अंतरा आला तसं सहावर नेलं. माझ्याकडं बघून अंगठा आणि बोट जुळवून ‘झकास’ अशी खूण केली. वरचा सूर डोळे उघडे ठेवून लावला. आणि लागला.

मी मागं, माझ्या पायाशी ठेवलेल्या खऱ्या डब्यातून, त्या हॉलला झेपेल तेवढाच एको देत होतो. पूर्वी द्यायला हवा होता तेवढा. हे मी त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर सांगणार होतो, गंमत म्हणून. पण ते इतके खूष होते, की म्हटलं, पुढच्या वेळी सांगू.

पुढची वेळ सात वर्षं आली नाही.

सात वर्षांत नारूभाऊंनी त्या डब्याचं शास्त्र तयार केलं. दर्दभऱ्या गाण्याला सात, युगुलगीताला चार, भजनाला तीन. पावसाळ्यात एक आकडा कमी, कारण हवेत ओल असते. गाण्यांच्या वहीत प्रत्येक गाण्यापुढं लाल शाईनं आकडे लिहिलेले होते. डबा ते घरी न्यायचे. त्यांच्या बायकोनं, सुलभावहिनींनी, त्याला गादीच्या कापडाची खोळ शिवली होती. दुसऱ्या कुठल्या गायकानं हात लावलेला त्यांना चालायचा नाही. एकदा आमच्या एका गायिकेनं फार गळ घातली तेव्हा त्यांनी दोन गाण्यांसाठी तिला दिला. ती उतरून म्हणाली, “पाचवर मस्त वाटलं, पण सहावर थोडा कर्कश होतो.” नारूभाऊ म्हणाले, “मी म्हणतच होतो.” मी खाली वाकून वायरी तपासायचं नाटक केलं.

मग माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. इतकी वर्षं स्पीकर उचलल्यावर दुसरं काय होणार? त्याच आठवड्यात विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी सकाळचा कार्यक्रम होता आणि तिथं साउंड दुसऱ्यांचा होता. कन्सोलवर अदिती नावाची मुलगी. रीतसर शिकून आलेली, कामात पक्की. नारूभाऊंनी तिच्यापुढं डबा ठेवला आणि म्हणाले, “हे जोडून दे, बेटा. ह्याच्याशिवाय मी गात नाही.”

तिनं वायरी जोडल्या. अगदी बरोबर जोडल्या, जाणारी जाणाऱ्या जागी, येणारी येणाऱ्या जागी. काहीच येईना. तिला वाटलं, आतली तार सुटली असेल. तिनं चार स्क्रू काढले. “नंतर इतकं वाईट वाटलं मला,” ती मला पुढं म्हणाली. “पण सर, त्या वेळी तोंडातून निघूनच गेलं.” तिच्या तोंडातून निघालं होतं, “काका, ह्याच्यात तर फक्त लाकूड आहे.” समोर माइक सुरू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारूभाऊ माझ्या घरी आले. मागं सुलभावहिनी. मी पलंगावर, पोटाला पट्टा. त्यांनी डबा माझ्या पायाशी ठेवला.

“हे काय आहे?”

“एको,” मी म्हटलं.

“हे सागाचं लाकूड आहे, विनू.”

मी म्हटलं, “चांगलं सागवान आहे, नारूभाऊ.”

वहिनींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू आलं आणि टाके दुखले. नारूभाऊ मात्र हसले नाहीत.

“सात वर्षं मी लाकडाचा कान पिळून राहिलो होतो,” ते म्हणाले, “अन् तू मागं बसून पाहून राहिला होता. दर रविवारी. काहून केलं असं?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी ‘गंमत म्हणून’ असं म्हणणार होतो, पण सात वर्षांची गंमत तोंडातून निघेना. ते डबा तिथंच ठेवून निघून गेले.

ह्या धंद्यात मी बऱ्याच लबाड्या केल्या. पुढाऱ्याला सांगितलं, माइक खराब आहे, आणि भाषण आवरतं घ्यायला लावलं. बेसूर व्याह्याचा माइक बारशात हळूच बंद केला आणि त्यांना ढोलक्याबरोबर गाऊ दिलं. त्यातल्या एकाचंही मला वाईट वाटत नाही. हे मात्र वाटलं. माणूस सात वर्षं मनापासून काहीतरी करत होता, त्याची वही लिहीत होता, आणि मी त्याला घरी बायकोपोरांना सांगायचा विनोद करून ठेवला होता.

नारूभाऊंनी ऑर्केस्ट्रा सोडला. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. चार महिने गेले. एक दिवस सुलभावहिनी शाळेतून परस्पर स्कूटीवर दुकानात आल्या. त्या पारशिवनीकडच्या एका शाळेत शिकवायच्या आणि रोज येणं-जाणं करायच्या, त्यामुळं दमलेल्याच असायच्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, ते आता आंघोळीलेही गात नाहीत. घर भुतासारखं वाटून राहिलं. तुम्हीच बिघडवलं, तुम्हीच दुरुस्त करा.”

मी गेलो. नारूभाऊ निवृत्त झाले होते, बनियनवर बसून टीव्ही बघत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी त्या आवाजावरून ओरडून म्हटलं, “नारूभाऊ, एक सांगा. डब्यात लाकूड होतं ना?”

“मंग?”

“मंग सात वर्षं वरचा सूर कोणी लावला? सागवानानं?”

त्यांनी टीव्ही बंद केला. “म्हणजे... मी बिनएकोचा गाऊन राहिलो होतो?”

इथं मी खरं सांगायला हवं होतं. ‘नाही, एको होता, तो माझ्या पायाशी होता,’ एवढंच. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उजाडत होतं ते मला बंद करवेना. मी म्हटलं, “हो.”

पंधरा दिवसांत नारूभाऊ स्टेजवर परत आले आणि पूर्वीपेक्षा चौपट त्रासदायक झाले. पहिल्या गाण्याआधी जाहीर करायचे, “मंडळी, आपला आवाज एकदम कोरा आहे. एको-बिको काही नाही. जे आहे ते गळ्यात आहे.” टाळ्या. इतर गायकांना एको मागताना बघितलं की म्हणायचे, “गळा पाह्यजे, मशीन नाही.” ज्या गायिकेनं पाचवर मस्त म्हटलं होतं तिनं त्यांच्याशी बोलणं सोडलं.

माझ्यावर तर त्यांचा विश्वास आता अजिबात नव्हता. गाण्याआधी ते मागं येऊन कन्सोलच्या पाठीमागं वाकायचे आणि वायरी मोजायचे. “ही कोणाची? ही कुठं चालली?” खरा डबा जोडायची सोयच राहिली नाही. पण एव्हाना मी नवा कन्सोल घेतला होता. ह्या नव्या कन्सोलांच्या पोटातच एको असतो. ना वायर, ना डबा. पडद्यावर एक चौकोन दाबला की झालं. नारूभाऊ वायरी मोजून समाधानानं स्टेजवर गेले की मी तो चौकोन दाबायचो. पूर्वी ते मागायचे आणि गेट त्यांच्याच हातात आहे असं मी खोटं सांगायचो. आता ते नको म्हणायचे आणि दिला नाही असं खोटं सांगायचो. मधल्या मध्ये एको जेवढा पाहिजे तेवढाच होता. अशी दोन वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात सुलभावहिनी निवृत्त झाल्या. शाळेच्या पटांगणात मंडप, सकाळी अकराचा कार्यक्रम, समोर गावकरी, पोरं, बायका. उघडं पटांगण म्हणजे आवाजाचा शत्रू. भिंत नाही, छप्पर नाही, आवाज निघतो आणि जातो. नारूभाऊ बायकोच्या आवडीचं एक जुनं भावगीत म्हणणार होते. आता त्यांचं वय सदुसष्ट, श्वास आखूड झालेला. मी मनात ठरवलं होतं, आज नेहमीपेक्षा थोडा जास्तच द्यायचा.

सत्कार सुरू व्हायच्या आधी वहिनी, नव्या साडीत, माझ्या टेबलापाशी आल्या.

“भाऊजी, ह्यांच्या गाण्याले आज काही देऊ नका.”

मी म्हटलं, “मी कुठं काय देतो, वहिनी?”

“माझ्याशी नका बोलू तसं. पस्तीस वर्षं त्या माणसाले मोरीतून ऐकून राहिली मी. त्याचा आवाज कसा आहे ते मले नाही माहीत होणार?” मग हळू म्हणाल्या, “आज मले घरचाच पाह्यजे.”

“वहिनी, पटांगण आहे. वरचा सूर...”

“माहीत आहे,” म्हणाल्या आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

नारूभाऊ आले, वाकून वायरी मोजल्या, गेले. पेटीवाल्यानं सूर दिला. माझं बोट सवयीनं चौकोनावर गेलं होतं. मी हात काढून मांडीखाली दाबून बसलो. खरं सांगतो, कुठल्याही पुढाऱ्याच्या सभेत मी इतका घाबरलो नव्हतो.

पहिली ओळ कोरडी निघाली. नारूभाऊंनी चमकून माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या ओळीला ते माइकच्या जवळ सरकले. खालचे सूर अजून गोड होते, पण त्यांच्या मागं काहीच नव्हतं. नुसता एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, उन्हात. पोरं चुळबुळायला लागली. मागच्या दोन बाया उठून पाण्याच्या टाकीकडं गेल्या. आणि वरचा सूर आला. नारूभाऊंनी डोळे मिटले. किती तरी वर्षांनी त्यांचा उजवा अंगठा उठला आणि माझ्याकडं झटकला. मी हललो नाही. सूर वर गेला, फाटला आणि अर्ध्यातच खाली आला.

पुढं बसलेल्या कोणीतरी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

वहिनी मात्र स्टेजकडं बघत होत्या. हात मांडीवर, मान थोडी कलती. शाळेतल्या एका बाईंनी त्यांच्या कानात काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांनी न बघताच हातानं ‘थांबा’ म्हटलं. गाणं संपेपर्यंत तशाच बसून होत्या.

जेवणं सुरू झाल्यावर नारूभाऊ मागं आले.

“काय बिघडलं होतं?”

“काही नाही.”

“मंग आवाज असा काहून येऊन राहिला होता?”

“आज एको दिला नव्हता.”

“दिला नव्हता म्हणजे? आपण तं देतच नाही.”

मी माइकची वायर गुंडाळत राहिलो. नारूभाऊ उभ्याचे उभे राहिले. त्यांनी कन्सोलकडं पाहिलं, मागच्या वायरींकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं.

“दोन वर्षं?”

“हो.”

“अन् त्याच्या आधीचे सात?”

“तवाही. माझ्या पायाशी होता.”

ते स्पीकरच्या पेटीवर बसले. मला वाटलं, आता खरंच संपलं. माणूस एकदा माफ करतो, दुसऱ्यांदा कशाला करेल? मी म्हटलं, “मले वहिनींनी सांगितलं होतं आज नको म्हणून.” हे म्हणताच मला माझीच लाज वाटली. बाईच्या सत्काराच्या दिवशी सगळं तिच्यावर ढकललं.

तेवढ्यात वहिनीच ताट घेऊन आल्या. ताट नवऱ्याच्या हातात दिलं.

“वरचा सूर चुकला तुमचा,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“घरीही तिथंच चुकतो,” त्या म्हणाल्या. “मस्त वाटलं मले.” आणि पदरानं तोंड पुसून त्या पुन्हा आपल्या बायांमध्ये निघून गेल्या. जाताना त्यांचे डोळे लाल दिसले, पण उन्हाळा होता, धूळही होती.

नारूभाऊंनी ताटातला वडा अर्धा खाल्ला. अर्धा माझ्यापुढं केला. मी घेतला. समोर पोरं मंडपाच्या खांबाला धरून फिरत होती, आणि कोणीतरी माझ्या सुरू राहिलेल्या माइकवर फुंका मारत होतं.

“विनू,” नारूभाऊ म्हणाले.

“हं.”

“रविवारी काटोलले कार्यक्रम आहे.”

“माहीत आहे.”

“दे.”

“किती देऊ?”

“तुले समजते तेवढा दे.” ते उठले, हात झटकले, पत्रावळींच्या ढिगाकडं दोन पावलं गेले आणि वळले. “अन् ऐक गा. मले सांगू नको.”